अळंबीचा गट

दि. ४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू शिकवायचीस त्या शाळेत मी रुळले. मी तुझी बहीण, हे मुख्याध्यापकांना अजून कळलेलं नाही. सासरचं आडनाव कामी आलं. पाचवीला सजीवांचं वर्गीकरण शिकवते. वटवाघूळ पक्ष्यांत का नाही, यावरून पोरं हमरीतुमरीवर येतात. एकाने मुख्याध्यापकांना कवचवाल्या प्राण्यांत घातलं. मी रागावले, पण फळ्याकडे तोंड करून.

काल फर्मान निघालं, की तपासनीस बाईंसमोर हा पाठ ते स्वतः घेणार. नमुने तेवढे मी मांडायचे. ताई, मी अळंबी मांडणार आहे. अळंबी वनस्पती नाही, एवढं त्यांना सांगितलंस, म्हणून भर प्रार्थनेत तुला अर्धवट ठरवून त्यांनी घरी बसवलं. मी ते विसरलेले नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी

दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचलं. गिऱ्हाईक कापडाचा भाव विचारून कंटाळून निघून गेलं. मोठी बहीण म्हणून मी तुला आवरायला हवं. नाही आवरत. अजून खडूचा वास आला तरी मी ताट बाजूला सारते. मांड अळंबी. चांगली मोठी, पुढच्याच ताटलीत.

ह्यांनी तुला जपून राहायला सांगितलंय. निरोप पोचवला. माझं एकच म्हणणं, पोरांना पुढे करू नकोस. तो माणूस मोठ्यांचा राग लहानांवर काढतो.

काय झालं ते लगेच कळव. इथे जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ताई

दि. १७ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला, अळंबी उचलली आणि थेट वनस्पतींत ठेवली! तपासनीस बाईंचं पेन थांबलं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात आमची चिमणी उठली. वर्गात सगळ्यांत बुटकी. मी तिला पढवलं नव्हतं गं. म्हणाली, सर, हिच्यात हरितद्रव्य नाही, ही स्वतःचं अन्न बनवत नाही, हिचा गट वेगळा. त्यांनी तिला दंडाला धरून दाराबाहेर उभं केलं.

मी गप्प बसले असते तर ते आणखी रुतले असते. क्षणभर बसलेही. मग उठले, तिला आत आणलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की मुलगी बरोबर आहे, आणि हेच बोलल्याबद्दल माझ्या बहिणीला इथून काढलं होतं. ते ओरडले, की नमुनेच चुकीचे मांडलेत. बाईंनी शांतपणे विचारलं, मग अळंबी कुठे ठेवायची? त्यांनी ती उचलून प्राण्यांत ठेवली, मग पुन्हा वनस्पतींत.

चौकशी लागली आहे. चिमणीच्या दंडावर वळ उठलेत. ते बघितले की माझा आनंद कडू होतो.

तुझी धाकटी

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

मुख्याध्यापक घरी येऊन गेले. आपसात मिटलं, असं मी चौकशीत सांगावं म्हणून. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, माफी मागतो. मी विचारलं, कुठे? म्हणाले, इथेच. मी म्हटलं, अपमान भर प्रार्थनेत केलात, माफीही तिथेच मागा. आधी त्या पोरीची, मग माझी. त्यांचं तोंड लालबुंद झालं. हे जमणार नाही म्हणाले. मी दार उघडून धरलं.

आज कळलं, त्यांची खुर्ची गेली. मला काढल्याचा हुकूमही रद्द झाला; सोमवारपासून मी पुन्हा रुजू होतेय.

मन शांत झालं का, असं विचारशील. नाही झालं. पण त्या दिवशी ते जिना उतरत होते, तेव्हाच मला सणसणून भूक लागली, आणि कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले.

लोभ आहेच; थोडा रागही जपून ठेव.

तुझी ताई