पोर्चमधला टेकू

उमरगा,
बुधवार

तीर्थरूप बब्रुवानमामांच्या चरणी भाचा रणधीर याचा दंडवत. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा, मामींचं बीपी आणि दारातली म्हैस, तिघांचीही खुशाली कळवावी. (फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॅपवर निळ्या खुणा उमटतात, पण त्यांवरून गुडघ्याचं काही कळत नाही. म्हणून ढोकीला हे पोस्टानं पत्र.) तुमच्या भाचीचं, आपल्या अर्पिताचं लग्न ठरल्याचं कानावर आलंच असेल. त्याचं पुढं लिहितो. आधी टेकूचं.

आमच्या घराचं सेंटरिंग काढताना पोर्चच्या स्लॅबखालचा एक बाभळीचा टेकू तुम्ही मुद्दाम ठेवायला लावला होता. ‘म्या येऊन सांगूस्तोवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाय,’ असं गोरोबा मिस्त्रीला बजावून तुम्ही गेलात. नंतर वास्तुशांतीला आलात, पण पहिला फेटा बांधायची वेळ आली तेव्हा माईकवरच्या माणसानं तुमच्याआधी इंजिनिअरचं नाव पुकारलं. (तो सोनालीचा चुलतभाऊ. त्यानंतर आमच्या घरात त्याच्या हातात कुणी माईक दिलेला नाही, आणि आता सोनालीच्या माहेरचे आमच्यावर रुसलेत, पण तो वेगळा विषय.) तुम्ही न जेवता एसटी धरलीत आणि टेकूचं सांगायचं राहून गेलं. याला आता दोन वर्षं होतील. टेकू तिथंच आहे, आई कुणाला हात लावू देत नाही.

तिथंच म्हणजे पोर्चच्या बरोबर मधोमध. त्यामुळं मोटारसायकल आत येत नाही, दिवसभर उन्हात असते, आणि गिरणीवर जायला निघताना सीटवर बसलो की मला रोज तुमची आठवण होते. घरात त्या लाकडाला प्रत्येकाचं वेगळं नाव आहे. गोरोबा टेकू म्हणतो. सोनाली पाहुण्यांसमोर खांब म्हणते, कारण टेकू म्हटलं की घर पडायला आल्यासारखं वाटतं आणि खांब म्हटलं की ऐपत दिसते. (तिचं चूक नाही. कर्त्या माणसाला लोक घराचा खांब म्हणतात, घराचा टेकू म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. टेकू लागतो तो सरकारांना.) आई जुन्या पद्धतीनं धीरा म्हणते. आधार मात्र कुणी म्हणत नाही, कारण हल्ली आधार म्हटलं की माणूस खिशातून कार्ड काढतो. गिरणीवर दळण घेऊन येणारे लोक टेकूबद्दल बोलतच नाहीत, ते थेट पायाला हात घालतात. पाया कच्चा असणार, असं ज्वारीचं पीठ भरता भरता सांगतात. उमरग्यात पोरगं गणितात नापास झालं तरी पाया कच्चा, दुकान बसलं तरी पाया कच्चा, आणि सून माहेरी गेली तरी पाया कच्चाच असतो. आमच्या घराचा पाया काळ्या रानातून खाली मुरमापर्यंत तुम्ही स्वतः उभं राहून खणून घेतलात, हे मी सगळ्यांना सांगतो. ऐकून घेतात आणि पुन्हा स्लॅबकडं बघतात.

अर्पिताला बघायला पाहुणे आले तेव्हा मला खरा घोर लागला होता. मुलाचे वडील चहा घ्यायच्या आधी टेकूभोवती फिरले. त्यावर सोनालीनं पिवळा ऑइलपेंट मारला होता आणि कॅलेंडर टांगलं होतं, तरी त्यांनी बोटांनी वाजवून बघितलं आणि हे काय म्हणून विचारलंच. मी खांब म्हणावं की टेकू या विचारात असताना आई आतून म्हणाली, ‘माझ्या भावानं लावलाय त्यो.’ यावर त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला. एवढ्यावर त्यांचं समाधान कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण लग्न ठरलं.

आता झालं ते सांगतो. मागच्या आठवड्यात लग्नासाठी घेतलेलं कपाट घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हरला मी मागं ये, मागं ये असं सांगत होतो, आणि तो माझ्या सांगण्यापेक्षा जास्त मागं आला. टेकू आडवा झाला. आम्ही सगळे रस्त्यावर पळालो. ड्रायव्हर टेम्पो सोडून पळाला. (कपाट टेम्पोतच होतं, त्याला काही झालं नाही.) बराच वेळ आम्ही समोरच्या भिंतीला टेकून स्लॅबकडं बघत उभे होतो. स्लॅब जागचा हलला नाही. गोरोबाला बोलावलं. त्यानं शिडी लावून वरून खालून बघितलं, हातोडीनं ठोकलं आणि म्हणाला, ‘पक्का हाय. ह्यो टेकू मागंच काढाय पायजे हुता. नुसताच उभा हाय त्यो.’

सोनालीनं लगेच मोटारसायकल आत आणून लावली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आई ताटावर बसली नाही. शेवटी मीच विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘त्यो काढला तर बब्रू कशाला येईल? म्या येऊस्तोवर काढू नगा म्हणलाय न्हवं त्यो.’

मामा, दोन वर्षं आम्ही समजत होतो की म्हातारी स्लॅबला भिते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गोरोबाला परत बोलावून टेकू पुन्हा उभा केला. खालचं टोक फुटल्यामुळं तो आखूड झालाय, म्हणून वर पाचर मारली. म्हणजे आता टेकू स्लॅबला धरत नाही, स्लॅबच टेकूला धरून आहे. गोरोबानं मजुरी घेतली नाही. असलं काम आजवर केलेलं नाही, त्याचं काय घ्यायचं, असं म्हणाला. मोटारसायकल पुन्हा उन्हात आहे. आई जेवते आहे.

बाकी ठीक. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
रणधीर

ता. क. स्लॅबची काळजी करू नये. तो उत्तम आहे आणि त्यासाठी येण्याची काही गरज नाही.

ता. क. दुसरा. परवा गुरुजींनी विचारलं की मंगलाष्टकांच्या वेळी अर्पिताच्या पाठीशी मामा म्हणून कोण उभं राहणार. मी चुलतमामांचं नाव काढलं. आई म्हणाली, ‘चुलत नगं. पाठीराखा एकच असतुय.’ लग्न येत्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे. पहिला फेटा तुमचा. माईक माझ्याकडं आहे. आल्यावर टेकू तुम्हीच काढायचा. पाचर सैल ठेवली आहे, एका हातानं निघेल, तेव्हा गुडघ्याचं कारण चालणार नाही.

ता. क. तिसरा. आईनं सांगितलंय की बब्रूला फक्त टेकूचं लिही, दुसरं काही लिहू नको, नाहीतर तो भाव खाईल. त्याप्रमाणे दुसरं काही लिहिलेलं नाही.