फुरशाचं विष आणि मामांची पोटरी

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार (खोलीत साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजा). तुमची पोटरी काय म्हणते? तीत पुन्हा रक्ताची गुठळी नाही ना झाली? मी मजेत आहे. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे तब्येत सुधारली आहे.

सध्या एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतो. फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं म्हणे. विषातला तेवढाच गुण वेगळा काढून गुठळ्यांवर औषध करता येईल का, हे इथल्या संशोधक बाई शोधताहेत. (बाई म्हणजे माझ्याच वयाच्या. डोळे तर असे... असो, तुम्ही वडीलधारे.) पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "थोडं रक्त द्याल?" मामा, मी दोन्ही बाह्या वर केल्या! तेव्हापासून दर सोमवारी इथल्या माणसांतून फक्त माझंच रक्त घेतात. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. मी तर बीटसुद्धा खायला लागलो. परवा साप सांभाळणारा दाढीवाला हसत म्हणाला, "अरे वेड्या, बाकीचं रक्त आजाऱ्यांचं. त्याच्याशी ताडून बघायला एक साधं लागतं, ते तुझं. त्यात विष घालतच नाहीत." माझं डोकंच फिरलं. तडक बाईंसमोर जाऊन ओरडलो, "माझ्यातही घाला विष!" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं रक्त इतकं सर्वसाधारण आहे, असं सहसा मिळत नाही." (हे कौतुकच ना?)

मामींना नमस्कार.

आपला (सर्वसाधारण) भाचा

ता.क. खरं काम राहिलंच. बाईंना भराभर गुठळ्या होणाऱ्यांचं रक्त हवंय. तुमच्या पोटरीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. सोमवारी या. सुई बघून तुम्ही आडवे होता, हे मी बोललेलो नाही. इस्त्रीचा शर्ट घाला आणि भाचा कॉलेजातून नुसता सुट्टीवर आहे म्हणा.

ता.क. २. येऊ नका! बाईंचं दाढीवाल्याशी ठरलंय. मी नोकरी सोडतोय. आपल्या घराण्यातला एक थेंबही त्यांना मिळणार नाही.

ता.क. ३. सोडायला गेलो, तर बाई एक नळी तिरकी करून बघत होत्या. तुमच्यासारख्याच एका आजोबांचं रक्त, विषातून वेगळा काढलेला तो अंश घातलेलं. पाण्यासारखं वाहत होतं. शेजारी माझं, घट्ट जमून बसलेलं. मला तुमची पोटरी आठवली. सोमवारी याच. इस्त्री राहू द्या. नळ्या मी धुवून ठेवतो.