कपाळावरचे केस

सुबोध बाबू,

आईनं मले तुहं मोठं चित्र काढाले सांगितलं. तुह्या कॉलेजच्या कार्डावरचा फोटो दिला. तो मोठा केला का नाक-डोळ्यांचे नुसते ठिपके होतात, म्हणून बाकीचं आठवून भरा लागते. तू सायकलवरून पडला होता, तवाचा हनुवटीवरचा वण भरला. शर्टाचं वरचं बटन उघडंच ठेवलं.

केसांवर आली का हात माह्यं ऐकत नाही. कोरडे काढाले बसते अन् ते कपाळाले चिकटलेलेच उतरतात. पांढऱ्या रंगानं झाकले, तरी पुन्हा तसेच आले. कन्हान नदीतून तुले बाहेर काढलं, तवा रामाकोना गावच्या काठावर तोंडावरची चादर मीच उचलली होती. आईले तर कोणी पाहूच दिलं नाही. भुवईतली रेती तेवढी मी चित्रात येऊ दिली नाही.

काल आई माह्या मागं येऊन उभी राहिली. लय वेळ पाहत होती. मले वाटलं, आता विचारते.

"आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा दिसून राहिला," ती म्हणाली. "असाच ओल्या डोक्यानं उभा ठेवशील काय त्याले? सर्दी होते त्याले."

मी ब्रश उचलला. तिच्यासमोरच तुह्या खांद्यावर टॉवेल काढला, आपल्या घरचा, निळ्या पट्ट्याचा.

रंग वाळला आता, बाबू. डोकं पुसून घे.

तुही ताई,
प्रज्ञा