नारूमामांचं घर विकायला नाही

डहाणू, सोमवार

तीर्थस्वरूप नारूमामा यांना भाचा उमेशचा वाकून नमस्कार. (समोर येऊन वाकायची सध्या हिंमत नाही, म्हणून कागदावरच वाकलोय.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? होडीचं इंजिन? चौकशी याच क्रमाने करावी की इंजिनापासून सुरू करावी, यावर निलमचा आणि माझा बराच वाद झाला. तिचं म्हणणं, मामांना खूश करायचं तर इंजिन आधी. पण खोकल्याचा नंबर इंजिनानंतर लागला हे मामींनी वाचलं, तर उरलेलं एक दारही बंद व्हायचं.

तुमचा फोन बंद आहे. का बंद आहे तेही माहीत आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही बंदच केला असता. म्हणून हे पत्र तुमच्या झाईच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. फाडायचं असेल तर अवश्य फाडा, पण पूर्ण वाचून फाडा. शेवटी कामाचा मजकूर आहे.

तर मामा, आपल्या धंद्याची एक वेबसाइट होती. जागा, वाड्या, घरं विकायची म्हटलं की हल्ली ती लागते, कारण मुंबईचा माणूस प्लॉट बघायला येण्याआधी तो फोनवर बघतो आणि फोनवर बघून झाला की बहुतेक वेळा येतच नाही. आपली वेबसाइट स्टेशनजवळच्या सायबर कॅफेवाल्याने करून दिलेली. हिरव्या रंगावर लाल अक्षरं, वरून ‘सुस्वागतम्’ डावीकडून उजवीकडे पळायचं. मजकूर सगळा निलमचा. तुमची भाचेसून कशी लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे. रानशेतच्या प्लॉटखाली तिने लिहिलं होतं, ‘जागा चांगली. शेवटची चढण पावसात गाडीला झेपत नाही. विहीर आहे, उन्हाळ्यात तळ दिसतो.’ कासा गावातल्या गाळ्याखाली, ‘जीपवाले दिवसभर हॉर्न वाजवतात, ज्यांना चालतं त्यांनीच यावं.’ आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत, ‘आदिवासींच्या जमिनी आम्ही विकत नाही, विचारू नये.’ हे वाचून दहातले नऊ जण पळायचे. दहावा यायचा तो मात्र व्यवहार करूनच जायचा. मला ते नऊ दिसायचे. हा माझा स्वभाव.

मग मी प्रोफेशनल माणसं आणली. प्रोफेशनल म्हणजे काय, तर जो आपलाच धंदा आपल्याला अशा भाषेत समजावतो की शेवटी आपल्यालाच वाटायला लागतं, हा धंदा आपण आजवर केलाच नाही. वापीची कंपनी होती. (नाव लिहीत नाही, कंडक्टर पत्र वाचतो असा संशय आहे.) मालक जिग्नेशभाई आणि त्यांची डिझायनर किंजल. जिग्नेशभाई बोलायचे आणि किंजल गप्प बसून लॅपटॉपवर काहीतरी पुसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “उमेशभाई, तुम्ही काय विकता?” मी म्हटलं, जागा. ते दयेने हसले. “जागा तर सगळेच विकतात. तुम्ही फीलिंग विकता.” निलम चहा घेऊन येत होती, ती दारातूनच परत फिरली.

त्यानंतर फीलिंगचं काम सुरू झालं. हिरवा रंग गेला, लाल अक्षरं गेली, सुस्वागतम् गेलं. सगळीकडे पांढरं. मला वाटलं अजून काम बाकी आहे, तर ते म्हणाले हेच काम आहे, पानाला श्वास घ्यायला जागा लागते. या श्वासापायी आपला फोन नंबर गेला. गिऱ्हाइकाने फोन करायचा तर तीन पानं ओलांडून खाली एक बारीक चिन्ह होतं, ते मलाही सापडायचं नाही. निलमचा मजकूर तर मुळापासून उपटला. रानशेतची चढण जाऊन तिथे आलं, ‘जिथे रस्ता संपतो, तिथे तुम्ही सुरू होता.’ कासाच्या हॉर्नचं झालं, ‘जिवंत परिसर’. आदिवासींच्या जमिनीची ओळ निगेटिव्ह वाटते म्हणून काढली. लगेच तलासरीकडच्या जमिनींसाठी सुटाबुटातल्या लोकांची विचारणा सुरू झाली. निलमने मला जेवताना एवढंच सांगितलं की ती ओळ परत येईपर्यंत ताटात भाकरी पडणार नाही. ओळ त्याच संध्याकाळी परत आली. (फीलिंगपेक्षा भाकरी मोठी, एवढी अक्कल मला अजून आहे.)

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिल्या पानावर एक मोठा फोटो लागतो. त्याला ते लोक हिरो म्हणतात. हिरो शोधायला आपला धाकटा नविन त्यांना इको गाडीतून कितीतरी दिवस तालुकाभर फिरवत होता. रानशेतचा प्लॉट बघितला, त्यात आत्मा नाही. चिकूची वाडी बघितली, आत्मा आहे पण उजेड नाही. कासाचा गाळा बघून जिग्नेशभाईंनी गाडीची काचच वर केली. एके दिवशी दुपार झाली, भूक लागली, म्हणून नविनने गाडी सरळ तुमच्या दारात आणली. तुम्ही बंदरावर होतात. मामींनी पाणी दिलं, चहा दिला. किंजलने विचारलं, फोटो काढू का? मामी म्हणाल्या, काढ गं पोरी. मामींना वाटलं मामींचा काढणार. केस नीट करून त्या ओट्यावर येईपर्यंत फोटो काढून झाला होता, आणि तो घराचा होता.

फोटो वेबसाइटवर चढला तेव्हा आधी मी ओळखलाच नाही. तुमचं घर, तुमचा ओटा, मागे तुमचा समुद्र. पण पुढे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील एकूण एक पुसलेले आणि त्या जागी वाऱ्यावर उडणारे पांढरे पडदे. अंगणातलं जाळं दोन माडांच्या मध्ये झुल्यासारखं टांगलेलं. (दुसरा माड कुठून आला ते देव आणि किंजल जाणे.) खाली लिहिलेलं, ‘शेवटचा किनारा. पहिलं घर.’ मी जिग्नेशभाईंना म्हटलं, अहो, हे आमच्या मामांचं राहतं घर आहे, विकायला नाही. तर म्हणाले, “उमेशभाई, हिरो कोणी विकत नाही. हिरो बघून लोक बाकीचं घेतात.” मला पटलं. मामा, खोटं कशाला बोलू, ते पडदे बघून मलाही ते घर घ्यावंसं वाटलं होतं.

पुढचं तुम्ही भोगलंत. मुंबई-सुरतच्या लोकांना फोन नंबर सापडेना, म्हणून ते थेट झाईला यायला लागले आणि फोटो दाखवून घर विचारायला लागले. गावाने घर दाखवलं आणि वर तुमचा नंबरही दिला. रविवारी गल्लीत गाड्यांवर गाड्या. कोणी बाई मामींना विचारते, झुला घरासोबत मिळणार का. कोणी साहेब तुम्ही जेवत असताना आत येऊन खिडकीची रुंदी मोजतो. बोंबलांचा वास आल्यावर एकाने तुम्हालाच सांगितलं, आधी या शेजाऱ्यांना इथून उठवावं लागेल. हे सगळं मला नविनने सांगितलं, आणि मी फोनवर जिग्नेशभाईंवर ओरडलो. ते आनंदाने म्हणाले, “बघा, ट्रॅफिक वाढला ना?” मी म्हटलं, वाढला, एक इनोव्हा मामांच्या माडाला घासली.

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग तुमचा फोन आला. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, “उम्या, माझं घर तू विकायला काढलंस, मग मला का नाही सांगितलंस?” गावात बोललं जात होतं की नारू घर विकून वापीला चालला, भाच्याने गिऱ्हाईक आणलं. तुमच्या होडीवरचा खलाशी दुसऱ्या होडीवर काम विचारून आला. आई गेल्यावर ज्या घरी आम्ही दोघं भाऊ दोन वर्षं जेवलो, त्या घरावर मी बोर्ड लावला असं झाईतल्या सगळ्यांना वाटत होतं, आणि तुम्हालाही क्षणभर वाटलं. तुम्ही फोन ठेवलात आणि बंदच केलात.

फोटो मी त्याच दिवशी काढायला सांगितला. जिग्नेशभाई म्हणाले, करार बघावा लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी किंजल एकटीच बसने डहाणूला आली, दारात उभी राहिली आणि निलमला म्हणाली, “भाभी, फोटो मी काढला, बोंबील मी पुसले. तुमचा जुना मजकूर मला द्या.” दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि वेबसाइट पुन्हा माणसांत आणली. फोटो गेला, फोन नंबर वर आला, रानशेतची चढण जागेवर आली. (पांढरा रंग तेवढा राहिलाय. निलमला आवडला म्हणे.) पण गाड्या थांबेनात, कारण तो फोटो तोवर लोकांच्या फोनमधून फिरत होता. म्हणून गेल्या रविवारी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळी टोपी घातलेली जी मुलगी दिवसभर उन्हात उभी होती, आणि जिला तुम्ही नविनकडे ‘ती कोण नवीन ट्रॅफिक पोलीस’ म्हणून विचारलंत, ती किंजल. प्रत्येक गाडी थांबवून ती सांगत होती की हे घर नारूभाईंचं आहे, विकायला कधीच नव्हतं, चूक माझी. बोंबील विकत हवे असतील तर मात्र मिळतील. मामींचा अख्खा साठा त्या दिवशी संपला, ही गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली नसेल तर मीही सांगितलेली नाही.

जिग्नेशभाईंनी तिला कामावरून काढलं आणि मला निरोप पाठवला की मी ब्रँडची हत्या केली. असो. गावात मी स्वतः येऊन, बंदरावर चारचौघांत उभा राहून सांगायला तयार आहे की घर मामांचं आहे आणि गाढव मी आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो. फक्त फोन चालू करा.

तुमचाच,
उमेश

ता. क. – तो दिवस रविवारचाच ठेवावा अशी विनंती आहे, आणि मी एकटा येणार नाही. नविनने लग्न ठरवलंय. किंजलशी. (वर प्रोफेशनल लोकांबद्दल जे लिहिलंय ते जिग्नेशभाईंपुरतंच समजावं.) हिरो शोधायला तालुकाभर एवढे दिवस का लागले, ते मला आत्ता कळतंय. तिचे आईवडील उंबरगावहून बोलणी करायला येणार आहेत. आमच्याकडे वडीलधारं कोणी नाही, तेव्हा बैठक तुमच्याच ओट्यावर व्हावी आणि बोलणं तुम्हीच करावं. नविनची हे पत्र घेऊन येण्याचीही छाती झाली नाही, यावरून समजा.

ता. क. – त्यांच्याकडे मासळी दारातही येत नाही. तेव्हा त्या एका दिवसापुरते अंगणातले बोंबील मागच्या बाजूला हलवता आले तर बघा. वर मी या विषयावर काय काय लिहिलंय ते मला आठवतंय. कृपया तुम्ही आठवू नका.

ता. क. – किंजलने आत्ता हे वाचलं आणि वरची ओळ खोडायला सांगितली. मी खोडली नाही, कागद खराब होतो. ती म्हणते, काही हलवू नका, घरी तिने सगळं सांगून टाकलंय. तिची आई आधी रडली. मग तिने विचारलं, त्या घरात सासू नाही, मग माझ्या मुलीला जवळ घेणारं कोण आहे? किंजलने मामींचं नाव सांगितलं. तिच्या आईला फक्त मामींना भेटायचंय, बाकी कोणाशीही काही बोलायचं नाही. तेव्हा मामा, बोंबील राहू द्या, पण रविवारी मामींना बाजारात जाऊ देऊ नका.