आडनावासकट

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. पाय सुजतात, पण ते दिवसभर उभं राहून.

माझ्या नावाची इथे एक गल्ली आहे, एक लाँड्री आहे आणि आता आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाची नवी बाईही आली आहे, अगदी आडनावासकट. पाकिटावर ‘अधीक्षिका’ लिही म्हणून तुला कितीदा सांगितलं! तुझं पत्र तिलाच मिळालं.

काल चहात दुप्पट साखर होती, म्हणून मी तिला खडसावलं. “आई काठीशिवाय दारापर्यंत चालली माझी!” असं म्हणत तिने पत्र पुढे केलं. वर नुसतं ‘ताई’, खाली ‘तुझा भाऊ’. अक्षर तुझं. तिची आईही वर्षभर अंथरुणाला खिळलेली आहे, आणि तिचा भाऊ पत्रं दुसऱ्याकडून लिहून घेतो, म्हणून अक्षरावरून तिला शंका आली नाही.

पत्र माझं आहे, हे मलाच सांगावं लागलं. ती रडली नाही. “दोन दिवस राहू द्या माझ्याकडे,” एवढंच म्हणाली. मग हळूच विचारलं, “तुमची तरी खरंच चालली ना हो?”

“माझा भाऊ खोटं लिहीत नाही,” मी ठणकावून सांगितलं.

आता मला धीर देण्यासाठी काही लिहू नकोस. आई खरंच चालली का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
ताई