कराची स्वच्छ लागलं

घिवली,
१२ डिसेंबर १९६६

सौ. जमुनावहिनींना चिंतूचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. माईचे गुडघे धरलेत, बाकी बरी आहे. तुमच्यासाठी सुके बोंबील बाजूला काढते आणि कुठे ठेवले ते विसरते. तुमचे पाय सुजतात असं कळलं. एडवणला माहेरी बाळंतपणाला गेलात, पाणी भरायला नाही, हे तिथल्या लोकांना माझ्या नावाने सांगा.

देवूदादाची बोट पलीकडच्या पाकिस्तानवाल्यांनी धरली हे कळल्यापासून मी एकाच खटपटीत होतो. बोईसरला आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे रामकिसन गवंडी राहतो. तो म्हणाला, कराचीवर संध्याकाळी धरलेल्या खलाशांची नावं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण आपल्या रेडिओवर कराची लावलं की मुंबई त्याच्या डोक्यावर बसते, आणि मधूनच कुठलं तरी वायरलेस टिकटिकतं.

मग मुंबई अडवायला मी तांब्याच्या तारेची वेटोळी घालून एक फिल्टर केला. मुंबई दबली, तर टिकटिक मोकाट सुटली. तिच्यासाठी दुसरा केला. दोन्ही शेजारी जोडले तर एकमेकांचंच काम बिघडवू लागले. मध्ये डालड्याच्या डब्याचा पत्रा उभा केला, तेव्हा कुठे ते नीट नांदले.

तोवर माई रोज त्या गोंधळाला कान लावून बसायची. मध्येच मला हलवायची, "आयकलंस? देवूचा नाव घेतला त्यानं!" मला कधीच ऐकू आलं नाही. मी आपला म्हणायचो, थांब माई, तुला स्वच्छ ऐकवतो. एवढी हौस मला!

परवा दोन्ही फिल्टर एरियलला जोडले. नावं सांगणारी बाई आपल्याच ओटीवर बसून बोलतेय असं कराची लागलं. त्यांची उर्दू मला धड कळत नाही, म्हणून रामकिसनला मुद्दाम बोलावलं होतं. बोटीचं नाव आलं. मग बोटीवरच्या पाचांतले धर्माजी तांडेल, रघू, पोशा, नथू. त्यानंतर बाई काहीतरी बोलली आणि दुसऱ्या बोटीकडे वळली. रामकिसनने माझ्याकडे बघितलं नाही. "भैया, चार मिले," म्हणाला. "पाँचवाँ पानी में गया, ऐसा बोली."

वर 'सौ.' लिहिलं ते सवयीने नाही, वहिनी. दुसरं काही लिहायला हात धजेना. तुमच्या आईला जवळ बसवून वाचा, हे आधीच लिहायला हवं होतं, तेही सुचलं नाही.

माईला हिंदी कळत नाही, नावं कळतात. देवूचं आलं नाही, हे तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "काड ते डबडं. आदीचा आवाज लाव. त्यात होता माजा देवू."

मी काढलं. आता ती पुन्हा खरखरीपुढे बसते आणि शेजारच्या साखरबाईला सांगते, आज देवूचं नाव घेतलं म्हणून. मी मान डोलावतो. तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही, आणि तुम्हाला न सांगण्याचीही नाही. दादा गेला, वहिनी.

सुटका झाली की कळवा, मुलगा असो वा मुलगी. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाका. घरी आलं तर माई ते पोस्टमनकडून वाचून घेईल.

तुमचा दीर,
आणि आता माईचा एकुलता एक,
चिंतू