गुळाच्या पानावरचे शेरे

प्रिय सुकन्या,

फोन केला असता, पण फोनवर तू सांभाळून घेतेस. म्हणून पत्र, तेही स्पीड पोस्टानं. नाशिकला सरकारी क्वार्टर मिळालं का? मॅडम म्हणवून घ्यायची सवय झाली की अजून मागे वळून बघतेस? मी राजेंद्रनगर सोडलं, तिथले क्लासही. आता गुडगावला, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापासून शेअर ऑटोनं पुढे, अर्धवट बांधलेल्या टॉवरांमागच्या एका पीजीत राहतो. जेवणात राजमा नाहीतर छोले. चव कशालाच लागत नाही, पोट भरतं. यंदाही आयोगाच्या परीक्षेच्या यादीत नंबर नव्हता, तेव्हाही खाली जाऊन नेहमीसारखा जेवून आलो. रडू येईल म्हणून खोलीत थांबलो होतो, पण आलंच नाही. आता एकच अटेम्प्ट उरलाय. फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आणि बाबा रोज सकाळी फोन करून विचारतात, भरलास का?

इथे मी वेबसाइट बनवायचा कोर्स लावलाय. हसू नकोस. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, आधी फॉर्म भर, मग काय ते कर. पहिलं प्रोजेक्ट लँडिंग पेजचं होतं. एकच पान, पण मोठ्या स्क्रीनवर आणि फोनवरही नीट बसलं पाहिजे, आणि बघणाऱ्यानं पटकन ऑर्डर दिली पाहिजे. मी बाबांच्या गुऱ्हाळातल्या गुळाचं केलं. झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांची पानं तपासायची अशी इथली पद्धत. माझं गेलं रोहतकच्या नवनीतकडे. तिनं सगळ्यांसमोर स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, भैया, गुड़ मँगवा के दिखाओ. मी आपला सरकवतोय, सरकवतोय. वर प्रस्तावना, मग इतिहास, मग आरोग्य, पर्यावरण, रोजगार असे मुद्दे, मग आव्हानं, मग पुढील दिशा. ऑर्डरचं बटण निष्कर्षाच्या खाली, तेही फोटोमागे निम्मं दबलेलं. अगं, मी गुळावर मेन्सचं उत्तर लिहिलं होतं यार! वर्ग खो खो हसला. मीही हसलो, कितीतरी महिन्यांनी.

मग तिनं बसून सगळं सांगितलं. काय काढायचं, कुठला फोटो जड झालाय, बटण कुठे हवं. चांगलीच खरडपट्टी काढली. आणि खोलीवर आलो तर मला बरं वाटत होतं, याचंच नवल वाटलं. इतकी वर्षं आयोगाकडून फक्त मार्क कळले. कुठे चुकतंय, हे कुणी शेजारी बसून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मनदीपचं पान आलं. मानेसरच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलाय बिचारा. त्याच्या पानावर काहीच धड नव्हतं. फोनवर उघडलं की अक्षरं एकमेकांवर चढत होती. हे याला जमायचं नाही, असं मनात आलं, आणि मी शेरा लिहिला, बढ़िया है, मेहनत दिखती है. लिहिलं आणि हात थांबला. दर रविवारी आपण उत्तरं बदलून तपासायचो, आठवतं ना? आधी तुझं लाल पेन थांबायचंच नाही. आकडा चूक, मुद्दा कुठाय, फेकू नकोस. मला असा राग यायचा! शेवटच्या दोन वर्षांत मात्र प्रत्येक उत्तराखाली एकच शब्द, छान. आणि मी वेडा समजत होतो, सुधारलो.

मी तो शेरा खोडला आणि मनदीपजवळ जाऊन बसलो. सगळं सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. पण आज नवीन पान घेऊन आला, आणि ते वाचता येत होतं.

मी भांडायला लिहीत नाहीये. राग यायला हवा होता, तोही येत नाही. आत सगळं गप्प आहे. पण माझी सगळी उत्तरं वाचलेली तू एकटीच आहेस, सुकन्या. म्हणून विचारतोय, मी फॉर्म भरू की नको? मुदतीच्या आत कळव. कारणं देऊ नकोस, समजूत काढू नकोस. 'नको' असेल तर तेवढाच मेसेज कर. बाबांशी काय बोलायचं ते मी बघतो. तुझं उत्तर काय येणार, ते मला माहीत आहे गं. पण कुणीतरी एकदा ते मला तोंडावर सांगायला हवंय, आणि ते तू सांगावंस.

अजूनही तुझाच,
कृष्णात